ढिला पट्टा

पुतळ्यावरचं कापड सरकलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. घोड्यावर बसलेले जनरल, अगदी हुबेहूब! पण खाली उभे असलेले खरे जनरल, फ्रेंच घोडदळातून नुकतेच निवृत्त झालेले, वाइनचा पेला हातात तसाच धरून घोड्याच्या पोटाकडे बघत होते.

"खोगिराचा पट्टा ढिला आहे!" ते गरजले. "असा स्वार पहिल्याच उडीत तोंडावर आपटेल."

शिल्पकाराला घाम फुटला. तबेल्यात लीद उपसण्यापासून सुरुवात केलेल्या जनरलनी चाळीस वर्षं रोज सकाळी प्रत्येक घोड्याच्या पट्ट्याखाली बोटं घालून पाहिली होती. पट्टा ढिला निघाला, की स्वाराची वाइन तीन दिवस बंद.

ही शिक्षा अकरा वेळा भोगलेला म्हातारा गास्पार गर्दीतून पुढे आला. "साहेब, या घोड्यावर स्वार कोण आहे?"

जनरलनी एकदा वर पाहिलं, एकदा गास्पारकडे. मग मिशीतल्या मिशीत हसत त्यांनी आपला पेला त्याच्या हाती दिला.

"पट्टा उद्याच कसून देतो," शिल्पकार पुटपुटला.

"खबरदार!" गास्पार पेला रिकामा करत म्हणाला. "आज साहेब पहिल्यांदाच आमच्यातले वाटतायत."