जुन्या बराकीतली भरती

"छाती फुगव की रं!" हवालदार लालासाहेब दारातनंच ओरडले. "न्ह्यारी करून आलायस न्हवं?"

मानसिंग, त्यांचा पोरगा, नुसत्या चड्डीवर एका चौरंगावर उभा होता. समोर गोल करून दहाबारा तरुण बसलेले. एकेकाचे केस मानेवर रुळणारे. प्रत्येकानं हात लांब करून, एक डोळा मिटून, पोरावर पेन्सिल रोखलेली. लालासाहेबांना काही उमजेना. त्यांच्या वेळी छातीला फीत लावायचे. हे लांबनंच माप घ्यायचं कुठलं नवीन खूळ? आणि असले झिपरे पलटणीत कधीपासून घ्यायला लागले? पण सरकार रोज काहीतरी नवं काढतंय, त्यातलंच हेही असंल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

जागा मात्र तीच होती. साताऱ्यातली गोऱ्यांच्या वेळची दगडी बराक. मोठ्या लढाईच्या साली ते स्वतः ह्याच दारातनं भरती झाले होते. म्हणून तर दहिवडीहून पहिल्या एस्टीनं पोराला घेऊन उतरले, ते कुणाला रस्तासुद्धा न विचारता सरळ इथं आले. फाटकावर नवाकोरा बोर्ड लागला होता. मानसिंग मान वर करून बघत राहिला, तर त्यांनी दंडाला धरून त्याला आत ओढला होता. "बोर्ड काय वाचतोस? माझीच पलटन हाय ही. चल!"

आत शिरल्या शिरल्या एक चष्मेवाले गृहस्थ समोर आले. "गुंडा पैलवान येणार नाही म्हणाला होता, त्याच्या जागी हाच का? चल, शर्ट काढ. उशीर झालाय." गुंडा कोण हे लालासाहेबांना ठाऊक नव्हतं. पण शर्ट काढ म्हटल्यावर शंकेला जागाच कुठं राहते? भरतीची सुरुवात शर्टापासनंच होते.

जिवाला नुसता घोर लागला होता त्यांच्या. आज्जा पलटणीत, बाप पलटणीत, आणि हे पोर दोनदा एकटंच जाऊन छाती भरत नाही म्हणून माघारी आलेलं. औंदा वय उलटत होतं. आज नाही तर कधीच नाही. आणि पोराचे ढंग तरी काय! खुराकाचं दूध तसंच ठेवायचं आणि चुलीतला कोळसा घेऊन भिंतीवर बैल काढत बसायचं. गेल्या दिवाळीत गोठ्याची नुकती सारवलेली भिंत काळी केली, तेव्हा त्यांनी त्याला चामड्याच्या वादीनं बडवला होता.

"नाही नाही, फुगवू नकोस," चष्मेवाले चौरंगाजवळ जाऊन म्हणाले. "आहे तसा राहा. अजिबात हलायचं नाही. बघा रे पोरांनो, काय सुरेख फासळ्या आहेत!"

लालासाहेब चक्रावलेच. ज्या फासळ्यांपायी गावात मान खाली घालायची पाळी आली, त्या सुरेख? त्यांनी पागोटं काढलं, डोकं खाजवलं आणि परत घातलं. मानसिंगचं मात्र तिकडं ध्यानच नव्हतं. त्याची नजर त्या तरुणांच्या पुढ्यातल्या कोळशाच्या काड्यांवर खिळली होती.

बऱ्याच वेळानं चष्मेवाले चहाचा कप घेऊन दाराशी आले. "मी गोपाळकृष्ण. पोरगा छान उभा राहतो हो तुमचा. सकाळी रोज असा उभा राहणार असेल, तर दुपारी मी स्वतः शिकवीन त्याला."

लालासाहेबांचे डोळे भरून आले. त्यांनी टाचा जुळवून कडक सलाम ठोकला. "पास झाला म्हना की सायेब! दुपारी काय शिकवनार? बंदूक?"

"बंदूक?" गोपाळकृष्णांचा कप ओठापाशीच थांबला. "अहो, ही चित्रशाळा आहे. पलटण इथून कधीच गेली. बराक नुसती पडून होती, वटवाघळं लोंबायची. आता ती तरुण कलाकारांना दिलीय. इकडं चित्रं, पलीकडच्या खोलीत नाटकाच्या तालमी. भरती मैदानावर असते आता. आजच आहे, लगेच निघालात तर गाठाल. बाहेर एवढा मोठा बोर्ड लावलाय की!"

लालासाहेब तसेच आत धावले. "मानसिंग! उतर खाली! घाल शर्ट, पळ!"

मानसिंग हलला नाही. बापानं हुकूम सोडला आणि पोरगा जागचा हलला नाही, असं आजवर घडलं नव्हतं.

"आरं, तो बोर्ड... तू तर बघत हुतास न्हवं? वाचला न्हाईस व्हय?"

"वाचला की, आबा," मानसिंग समोर बघतच म्हणाला. "म्हनून तर गप आत आलो."

लालासाहेबांचा हात रागानं वर गेला आणि तिथंच राहिला.

तेवढ्यात एका झिपऱ्यानं वैतागून पेन्सिल खाली टाकली. "ए गड्या, आता रं कशाला छाती फुगवलीस? सगळं माप चुकलं की माझं!"