उशाशी ठेवायचा पंखा

सोलापूरच्या वैशाखात भर दुपारी घरातला मोठा पंखा बंद करायचा, खिडक्या लावून घ्यायच्या, आणि कशासाठी, तर काडेपेटीएवढ्या पंख्याची परीक्षा घ्यायला! धम्मप्रियाच्या मानेवरून घामाच्या धारा लागल्या होत्या. पण खोलीत दुसरा वारा असला की छोट्याचा वारा कळत नाही, म्हणून हे तप.

हा पंखा रोग्याच्या उशाशी ठेवायच्या एका यंत्रात बसणार होता. यंत्र तापता कामा नये आणि रोग्याची झोप मोडता कामा नये, एवढंच कंपनीचं म्हणणं. एवढंच! जागा लहान म्हणून पंखा लहान, लहान म्हणून तो जोरात फिरवायचा, आणि जोरात फिरला की शिट्टी मारणारच. पाती सारख्या अंतरावर असली की शिट्टी एका सुरात येते. म्हणून धम्मप्रियानं अंतरं मोडली. कुठं दोन पाती जवळ, कुठं लांब. गणित थकलं तेव्हा तिनं कान लावला. पाती बदलायची, ऐकायचं, पुन्हा बदलायची. काल एकदाचा आवाज गेला. पार गेला. आज कंपनीचे साहेब येणार होते. त्यांना पसंत पडला तर तिचा स्वतःचा धंदा उभा राहणार होता, नाहीतर पुन्हा कुणाच्या तरी हाताखालची नोकरी होतीच.

फक्त आवाज मोजायचं यंत्र काही केल्या मानायला तयार नव्हतं. पंखा सुरू केला की त्याच्यावरचा आकडा चढे, जरा थांबे, उतरे. पुन्हा चढे. पंख्याचा आवाज असा वरखाली होत नाही. तिनं कान पंख्याला अगदी टेकवून पाहिला. काही नाही.

तेवढ्यात प्रदीपचा फोन आला. तो तिचा धंद्यातला भागीदार.

"ताई, मोडनिंब कवाच सोडलंय. साहेब गाडीतच हायेत. पंखा तयार हाय न्हवं?"

"समोर चालूच आहे. बघ, काही ऐकू येतंय का?"

प्रदीपनं फोन कानाला घट्ट लावला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "तुमच्या शेजारी कोण निजलंय का?"

"कोणी नाही. का रे?"

"न्हाय... घरघर येतीया की. म्हाताऱ्या माणसाची."

धम्मप्रियानं खोलीभर नजर फिरवली. टेबल, खुर्ची, भिंतीला लावलेली रिकामी खाट. फोनमध्येच काहीतरी असेल, असं म्हणून तिनं तो ठेवला. मग तारा तपासल्या, पंखा उपटून पुन्हा बसवला, आवाज मोजायचं यंत्र खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात नेऊन पाहिलं. आकडा आपला चढतच होता आणि उतरतच होता.

शेवटी तिनं उदबत्ती पेटवली. धूर सरळ आत गेला आणि मागून निघाला म्हणजे वारा नीट वाहतोय, ही तिची घरगुती परीक्षा. वास लागताच तिची आई, येसूबाई, दारात हजर.

"वंदनेच्या उदबत्त्या तू त्या फिरकीम्होरं जाळतीस व्हय गं? पुडा आणला की दोन दिसांत..."

येसूबाईचं बोलणं तिथंच तुटलं. ती चौकटीला धरून उभी राहिली, मग हळूच आत आली आणि रिकाम्या खाटेच्या कडेला टेकली. रोज बसायची तशी, अर्धवट, उठायच्या तयारीनं.

"कवापास्नं हाय ह्ये?"

"काय, आई?"

"तुज्या आबाचा दम हाय त्यो." येसूबाई तिच्याकडं बघतही नव्हती. "तुला न्हाय ऐकू यायचं. जलमापास्नं त्येच ऐकत निजलीस तू."

आबा, म्हणजे तिचे वडील, गिरणीत कापूस पिंजायच्या खात्यात होते. कापूस छातीत घेऊनच ते घरी बसले, या खाटेला खिळले, आणि मागच्या साली गेले. तेव्हापासून धम्मप्रियाला घर फार गोंगाटाचं वाटायचं. गल्लीतली कुत्री, नळ, शेजारचा टीव्ही, सगळं अंगावर यायचं. काल पात्यांची ती अंतरं जुळली आणि सगळं शांत झालं, तेव्हा तिला आनंदानं रडू आलं होतं.

ती झटकन पंख्याकडं वळली. तिनं वायर उपटली. पाती गरगरत मंद झाली आणि थांबली.

आकडा चढला. जरा थांबला. उतरला.

येसूबाईनं तिच्या हातातली उदबत्ती घेतली आणि थांबलेल्या पंख्यासमोर धरली. दारखिडक्या बंद, पडद्याची कडसुद्धा हलत नव्हती. धूर पात्यांमधून आत गेला, क्षणभर राहिला, आणि गेला तिथूनच बाहेर आला. पुन्हा आत गेला. पुन्हा बाहेर. मग एकदा आत गेला तो आलाच नाही. आकडाही जागच्या जागी थबकला.

येसूबाईनं बोट वर केलं.

"थांब. आता खोकतील."

उदबत्तीच्या टोकाची राख फस्सकन उडाली आणि धम्मप्रियाच्या मनगटावर येऊन पडली. कोमट होती. धूर मोकळा झाला आणि संथपणे आत-बाहेर करू लागला.

खाली गाडी थांबल्याचा आवाज आला. दारं आपटली, हॉर्न वाजला, आणि प्रदीपनं जिन्याखालूनच हाक मारली, "ताई! आलो बघा!"

धम्मप्रियाचा हात पंख्याच्या खोक्याकडं गेला आणि तसाच राहिला.

येसूबाईनं पदरानं हळूच पंख्याला वारा घातला.

"त्येला म्हन, भोंगा वाजवू नगं," ती कुजबुजली. "त्यास्नी आत्ता कुटं डोळा लागलाय."