धम्मशीलाताईंचा हात

"एनी इंटरेस्ट्स टू डिक्लेअर?" चेअरबाईंनी विचारलं. क्लार्क शशीनं बैठकीच्या मिनिट्समध्ये ओळ आधीच टाकून ठेवली होती: कौन्सिलर धम्मशीला रामटेके दोन वाजून चार मिनिटांनी बाहेर गेल्या. तीन वर्षं हीच ओळ. नुसतं कॉपी-पेस्ट.

कमिटी नऊ जणांची. दर ऑक्टोबरात ती बसून इंग्लंडातल्या त्यांच्या कौंटीची, म्हणजे जिल्ह्याची, यादी ठरवायची, की यंदा पार्लमेंटकडे कायद्यात कुठले बदल मागायचे. मागण्या यायच्या वीस-पंचवीस, यादीत जागा पाचच. रस्त्यातले खड्डे, गावोगावच्या बस, नदीत सोडलेली घाण, सगळेच त्या पाच जागांसाठी कोपरं मारत असायचे. आणि अगदी तळाला एक मागणी असायची, ताईंनीच पहिल्यांदा लिहून दिलेली: परदेशात एकटे पडलेले म्हातारे आईबाप मुलांजवळ येऊन राहू देत.

पण नियम असा, की ज्याच्या घरच्या माणसाचा फायदा होणार त्यानं हात वर करून तसं सांगायचं आणि मतदान संपेपर्यंत बाहेर बसायचं. ताई हात वर करायच्या. "माझी आई. कामठीला असते, नागपूरजवळ." पर्स उचलायच्या, चालू लागायच्या. मागे उरायचे आठ. चार बाजूनं, चार विरुद्ध. मग पाचव्या जागेसाठी चेअरबाईंचं जादाचं मत, आणि ते दरवर्षी खड्ड्यांना.

शशीची आई मिरजेला एकटी होती. त्याला ती मागणी यादीत हवी होती, पण क्लार्कला कुठलं मत? एकदा धीर करून तो म्हणाला होता, "ताई, एक वर्ष गप्प बसा ना. कोण बघतंय?"

"मी बघते की," ताई म्हणाल्या होत्या.

बाहेरच्या बाकावर त्या बसल्या, की बरोब्बर तेव्हाच कांताबाईंचा व्हिडिओ कॉल यायचा. कामठीत दिवे लागलेले असायचे. कांताबाई म्हणजे ताईंची आई, वय वर्षं ब्याऐंशी. जन्मभर विड्या वळल्या, आता थापा वळत होत्या. गल्लीत सांगून ठेवलं होतं, माझ्या पोरीनं हात वर केल्याशिवाय लंडनचं मोठं घड्याळ ठोकाच देत नाही. एकदा ती सर्दीनं घरी झोपली, तर अख्ख्या इंग्लंडात दिवसभर अकराच वाजून राहिले. लोकांची दुपारची जेवणं हुकली म्हणे.

त्याच कांताबाईंनी तिकडच्या थंडीसाठी म्हणून भर मे महिन्यात स्वतःला लाल लोकरीचा स्वेटर विणला. ऊन असं, की विणायच्या सुया पाण्यात बुडवल्या तर चुर्र आवाज यायचा. हे अर्थात त्यांचंच म्हणणं. प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेला तो स्वेटर कॉलभर त्यांच्या मांडीवर असायचा.

"झाला का वं कायदा?"

"नाही आई. पुढच्या वर्षी."

"मंग राहू दे पिशवीतच. इमानातून उतरली का तिथंच घालीन. त्याच्या पयले कोणाले हात लावू देत नाही."

मागच्या ऑक्टोबरात शशी चहा घेऊन बाकापाशी आला, तर त्यालाच फोनवर बोलावलं. "क्लार्कसायेब, हे काहून भायेर येऊन बसते?"

"आजी, नियम आहे तसा."

"असू दे ना बापा. तू एकडाव तिचा हात टेबलाखाली धरून ठेवजो. मी कोणाले नाही सांगत."

ताई खूप हसल्या होत्या. मग बराच वेळ कोटाचं बटण फिरवत राहिल्या.

आज चेअरबाईंनी विचारलं, तशी सगळ्यांची नजर सवयीनं ताईंकडे गेली. दाराजवळच्या कौन्सिलरनं तर त्यांना वाट मिळावी म्हणून खुर्ची पुढे ओढून घेतली. ताई गळ्यापर्यंत कोटाची बटणं लावून बसल्या होत्या. हीटर चालू होता. दोन्ही हात मांडीवर.

"कौन्सिलर रामटेके?"

"नथिंग टू डिक्लेअर."

दाराजवळच्यानं खुर्ची मागे घेतली. शशीनं ती ओळ पुसली, एकेक अक्षर, सावकाश.

तळातली मागणी मताला आली. चार हात वर झाले. मग पाचवा, ताईंचा. पाच विरुद्ध चार. चेअरबाईंच्या जादाच्या मताची गरजच पडली नाही. खड्डे खाली गेले, म्हातारे आईबाप वर आले.

ब्रेकमध्ये शशी दोन कप घेऊन जवळजवळ पळतच बाहेर आला. ताई त्याच बाकावर होत्या. फोन पर्समध्येच.

"बोललात बाबा एकदाचं खोटं," तो हळूच म्हणाला. "लावा आजींना फोन. सांगा, हात शशीनं धरून ठेवला होता, मतदानापुरता सोडला. आज लंडनच्या घड्याळात तेरा वाजतील."

ताईंनी कप घेऊन बाजूला ठेवला. कोटाची बटणं एकेक करून काढली. आत लाल स्वेटर होता. दंडात घट्ट, बाह्या मनगटाच्या वर चढलेल्या. घडीच्या रेघा अजून तशाच.

"खोटं नाही रे बोलले," त्या म्हणाल्या. "मागच्या महिन्यात कामठीचं घर कायमचं बंद करून आले. येताना स्वेटर तेवढा सोबत आला."