सहावा लॅपटॉप

सहावा लॅपटॉप उघडला आणि तिने झटकन हात मागे घेतला. कीबोर्डच्या फटींत बिस्किटांचा चुरा होता, केस होते, आणि एका बटणाखालून नखाचा तुकडा डोकावत होता. त्यावर काहीतरी गोड सांडून वाळलं होतं.

"शी," ती म्हणाली. "माणूस आहे की उकिरडा?"

शेजारच्या टेबलावरून काकांनी पाहिलं. काका टेस्टर होते. दुसऱ्यांच्या चुका काढता काढता त्यांचे केस पांढरे झाले होते.

"कुणाचा आहे?"

"कुणाचा असणार? गबाळ्याचा."

गबाळ्या म्हणजे कोपऱ्यात बसणारा प्रोग्रामर. शर्टाला इस्त्री माहीत नाही, डब्याचं झाकण कधी धड लागलेलं नाही. आज तो अजून जागेवर दिसत नव्हता.

कंपनीचा सर्व्हर लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालायचा आणि लॅपटॉप दुसऱ्याच कशावर. मग इथे चाललेलं तिथे आपटायचं. शेवटी सगळ्यांच्या लॅपटॉपवर लिनक्सच घालायचं ठरलं, आणि ते काम तिने मागून घेतलं. तिच्या लॅपटॉपवर ते तीन वर्षांपासून होतं, हे ती रोज एकदा तरी ऐकवायची. सकाळपासून जो तो येऊन तिच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून जात होता. सहा यायचे होते, सहा आले होते. सगळे कंपनीने दिलेले, एकाच मॉडेलचे, काळे.

तिचा स्वतःचा लॅपटॉप पंखा घरघरतो म्हणून हार्डवेअरवाल्याकडे गेला होता. संध्याकाळपर्यंत तो हातात हवाच होता. तीन महिने खपून लिहिलेला प्रोग्राम त्यात होता, आणि उद्या तो दाखवला की टीमची प्रमुख कोण हे ठरणार होतं. सर्व्हरवर तिने तो ठेवला नव्हता. चार जणांचे हात लागले की कोडचा चिखल होतो, असं तिचं मत होतं. तिची सगळीच मतं ठाम असायची.

तिने टिश्यू बोटांना गुंडाळला आणि लिनक्सचा पेन ड्राइव्ह खुपसला.

"अगं, आधी सुरू करून बघ तरी," काका म्हणाले. "त्याचं काही काम असेल आत."

"आठवडाभर आधी सांगितलं होतं, कॉपी काढून मगच लॅपटॉप आणा म्हणून. ज्याने काढली नसेल त्याचं गेलं."

"एक फोन करायला काय जातं?"

"काका, बाहेरून हे असं आहे. आत डोकवायची हिंमत तुमच्यात असेल, माझ्यात नाही."

डिस्कवर आधीचं काहीतरी आहे, असं पडद्यावर आलं. तसं ते आधीच्या पाचही लॅपटॉपवर आलं होतं. 'पूर्ण डिस्क पुसा' यावर तिने टिश्यूतल्या बोटाने बटण दाबलं आणि टिश्यू कचऱ्यात टाकला. मग सॅनिटायझर घेतला, दोनदा.

काका आपल्या पडद्याकडे वळले. त्यांनी मान खाली घातली.

अर्ध्या तासाने काम संपलं. तेवढ्यात गबाळ्या धापा टाकत आला आणि त्याने बॅगेतून एक लॅपटॉप काढून तिच्यापुढे ठेवला.

"सॉरी ताई, घरी कॉपी काढत बसलो होतो."

"हा कुणाचा?"

"माझाच."

तिने दोन्ही लॅपटॉपांकडे पाहिलं. काकांनी चष्मा काढला.

हार्डवेअरवाला दारातूनच तिला शोधत आला. कीबोर्डवर घालायचं एक काळं रबरी कव्हर त्याने चिमटीत धरलं होतं, अंगापासून लांब.

"ताई, पंखा बदलून तुमचा लॅपटॉप सकाळीच टेबलावर ठेवलाय. हे कव्हर तेवढं राहिलं. खाली इतकी घाण होती, की परत चढवायला मन धजेना."