आगटीचा पाहुणा

गोठ्यामागून किंकाळी आली तेव्हा केशरबाईसाहेब मुनसफांच्या हातावर हुरडा घालत होत्या. हात हलला नाही, दाणा सांडला नाही. उगाच नाही अख्खी अमरावती त्यांच्या आमंत्रणाला टपलेली असायची. स्वराज्य आलं, देशमुखी गेली, पण ऐट कुठं जाते? पौष लागला की वकील, डॉक्टर, साहेबलोक, सगळ्यांच्या मोटारी खुशालराव देशमुखांच्या मळ्याकडे वळायच्या. बाई जरीचं लुगडं नेसून आगटीपाशी बसायच्या, निखाऱ्यातलं कणीस स्वतः चोळायच्या आणि पोट फुटेस्तोवर आग्रह करायच्या. त्यांना नाही म्हणायची कोणाची बिशाद नव्हती.

किंकाळ्या थांबल्या. खुशालराव घाम पुसत आले, हंटर मांडीवर ठेवून बसले. मुनसफ मोरोपंत पुण्याकडून नुकतेच बदलून आलेले, त्यांनी विचारलंच. काही विशेष नाही, खुशालरावांनी सांगितलं. गोवर्धन म्हणून सालदार गडी आहे, त्याच्या हातून शंकरपटाच्या शर्यतीचा बैल नाल्यात घसरला आणि पाय मोडून बसला. असा बैल साऱ्या वऱ्हाडात नव्हता, त्याला गोळी घालावी लागली. आता गोवर्धनला कडुनिंबाला बांधलाय. जरा दम खाऊन पुन्हा जायचं.

मोरोपंतांनी चटणी पुढं ओढली.

"तक्रार समोर आल्याशिवाय आम्हा कोर्टाच्या माणसांना काही दिसत नाही, वहिनीसाहेब," ते म्हणाले. सगळे हसले. हसले, मेले!

आगटीत गोवऱ्या सारायला गोवर्धनचीच बायको होती, तानुबाई. ती सरकत सरकत बाईंच्या पायाशी आली.

"बाईसाहेब, त्याच्या तोंडातून रक्त येऊन राहिलं. आता मालक पुन्हा तिकडं गेले तं मरून जाईन तो."

बाई कणीस चोळत राहिल्या.

तिकडे खुशालराव रंगात आले होते. ते मुनसफांना देशमुखांच्या आगटीची रीत सांगत होते. इथं घरच्या मालकिणीच्या तळहातावरचा हुरडा ज्यानं खाल्ला तो दिवस मावळेपर्यंत पाहुणा, मग तो कोणी का असेना. त्यांच्या आज्याचा खून करणारा एकदा या आगटीवर येऊन बसला होता, आणि आजीनं त्याला हुरडा घातला. आज्याची चार पोरं समोर बंदुका घेऊन उभी, पण कोणी बोट लावलं नाही. देशमुखांनी ही रीत आजवर मोडली नाही आणि मोडणार नाही. मोरोपंत वा वा म्हणाले. वकील वामनराव तर म्हणाले की असं घराणं होणे नाही.

बाई उठल्या. पाहुण्यांना वाटलं, दही आणायला गेल्या असतील.

त्या आल्या त्या गोवर्धनचं बखोट धरून. त्याचा सदरा पाठीला चिकटला होता, एक डोळा पार मिटला होता. बाईंनी त्याला मुनसफांच्या शेजारी सतरंजीवर बसवलं. कोणाला काही कळायच्या आत कणीस चोळलं आणि तळहातावरचे दाणे त्याच्या फुटक्या ओठांत घातले.

"खा," बाई म्हणाल्या. "पाहुणा हायेस तू."

खुशालराव ताडकन उठले. हंटर वर गेला आणि वरच राहिला. आत्ताच आपल्याच तोंडानं सगळं सांगून बसले होते, मुनसफांच्या देखत, वकिलांच्या देखत. काय करतात? त्यांचा चेहरा काळाठिक्कर पडला. मग ते बायकोकडे वळले.

"तो पाहुणा झाला," ते अगदी शांतपणे म्हणाले. "तू तं घरची हायेस न?"

फटका हातावर बसला. ज्या हातानं दाणे घातले त्याच हातावर. मग दुसरा, तिसरा. तळहाताची कातडी फाटली. बाईंनी हात मागे घेतला नाही. तानुबाई रडत होती आणि वामनराव चपला शोधत होते. आज्याच्या त्या गोष्टीला मघाशी वा वा म्हणणाऱ्यांपैकी एकही माणूस जागचा हलला नाही.

खुशालराव दमून थांबले, तेव्हा बाईंनी आणखी एक कणीस काढलं. त्याच हातानं चोळलं. निखाऱ्यातलं ऊन कणीस, फाटलेल्या कातडीवर. बघवत नव्हतं. मग त्या मोरोपंतांपुढं गेल्या आणि तळहात त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. दाणे हिरवे राहिले नव्हते.

"घ्या, मुनसफसाहेब. आता दिसून राहिलं का?"

मोरोपंतांनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग दाणे घेतले, तोंडात टाकले आणि कसेबसे गिळले. त्यांनी ड्रायव्हरला हाक मारून मोटार थेट आगटीपाशी आणायला लावली. गोवर्धनला स्वतः धरून मागच्या सीटवर बसवलं, तानुबाईला शेजारी बसवलं. हा माझ्याबरोबर येतोय, एवढंच ते खुशालरावांकडे न बघता म्हणाले. बाईंचा विचार त्यांच्या मनात आला नाही. बाकीचेही भराभर उठले. बाईंनी प्रत्येकाला हात जोडले आणि नेहमीसारखं, पुन्हा या म्हटलं.

मोटारींचा धुरळा खाली बसला. आगटीपाशी आता घरचीच माणसं उरली. खुशालरावांनी हंटर पुन्हा उचलला.

बाई मुनसफांच्या रिकाम्या जागेवर जाऊन बसल्या, सतरंजीवर, पाहुण्यांच्या बाजूला. निखाऱ्यातलं शेवटचं कणीस त्यांनी चोळलं आणि आपल्याच तळहातावरचे दाणे आपल्या तोंडात टाकले.

सूर्य अजून कडुनिंबाच्या वर होता. बाई नवऱ्याकडे बघत सावकाश चावत राहिल्या.