इलाहीची जीभ

इलाहीनं पिंपातल्या आंबलेल्या काकवीत बोट बुडवलं, जिभेवर ठेवलं, आणि त्याला काहीच कळलं नाही.

गोड नाही, कडू नाही, आंबट नाही. तोंडात कुणी चामड्याचा तुकडा शिवून ठेवल्यासारखी जीभ पडून होती. त्याची बायको मेहमुदा वारली त्या सकाळपासून ती अशीच होती. चाळिसावाही होऊन गेला, तरी त्यानं हे कुणाला सांगितलं नव्हतं. सांगून करायचं काय? पोट त्या जिभेवरच होतं.

राधानगरीला धरणाचं काम निघालं त्या सालची ही गोष्ट. पंचगंगेच्या काठाला एका ठेकेदाराची दारूची भट्टी होती. गुऱ्हाळांतली काळी काकवी आणि पाझरलेले गुळाचे ढेपेएवढे रवे तिथं यायचे, पाण्यात कालवून आंबवायचे, मग भट्टीवर चढवायचे. एका पिंपातून किती दारू निघणार, हे आधी चाखून सांगायचं काम इलाहीचं. तो म्हणेल तो आकडा भिंतीवर खडूनं लिहायचा. त्याहून कमी निघाली तर भट्टी लावणाऱ्या गड्यानं चोरली, असं ठरलेलं. मग त्याला शिपाई घेऊन जायचे. जादा निघाली तर इलाहीची नाचक्की. पण तसं कधी झालं नव्हतं.

वीस वर्षांत त्याचा आकडा चुकला नव्हता. लोक तर सांगायचे, इलाही काकवी चाटून ऊस कुठल्या गावचा ते सांगतो, चरकाला बैल किती होते ते सांगतो, आणि गुळव्या त्या सकाळी बायकोशी भांडून आला होता की काय, तेही सांगतो. शेवटचं खोटं असेल. पण कागलचा एक गुळव्या त्या भयानं घरात गोड बोलायला लागला, एवढं मात्र खरं आहे.

त्या दिवशी समोर आबकारी खात्याचे तपासनीस गणपतराव बसले होते. त्यांनी मुंबईहून काचेची नळी आणली होती, खाली पारा, वर बारीक रेघा. ती त्यांनी पिंपात तरंगवली, कागदावर गुणाकार केला आणि सव्वीस ग्यालन म्हणून सांगितलं. आज ज्याचा आकडा खरा ठरेल त्याच्याच अंदाजावर पुढं भट्टी चालवायची, असं ठेकेदाराशी त्यांचं आधीच बोलणं झालं होतं.

"बोला, इलाहीभाई."

इलाहीच्या डोक्यात एकच आकडा होता. मेहमुदाबरोबर काढलेली वर्षं. तोंडानं तो सांगून टाकला.

"एकतीस."

चुलवणापाशी बसलेल्या आकारामनं एकदा मान वळवून बघितलं आणि परत चिपाडं आत सारली. भट्टी त्याच्या ताब्यात. पाच ग्यालन कमी पडली तर संध्याकाळी शिपाई त्यालाच नेणार. घरात शालूबाई आणि चार पोरी. साहेब, माझी जीभ मेलीय, तो आकडा लिहू नका, असं म्हणायला इलाहीनं तोंड उघडलंसुद्धा. तोवर खडू भिंतीवरून फिरला होता. त्यानं तोंड मिटलं. भीती वाटायला हवी होती, ती वाटेना. लाजही वाटेना. तो बाकावर बसून भट्टीच्या नळीतून पडणारी धार बघत राहिला.

दुपारी ठेकेदारानं गणपतरावांना नांदरुकीच्या झाडाखाली जेवायला बसवलं. साहेब पुण्याकडचे. तांबडा रस्सा पहिल्या घोटाला नाकातून बाहेर आला. त्यांच्यासाठी पाणी आणलं, दही आणलं, गूळ आणला. तेवढा अर्धा तास त्यांना भट्टीच काय, स्वतःचा हातही दिसत नव्हता.

चार वाजता धार आटली. माप गणपतरावांनी स्वतः घेतलं. सव्वीस ग्यालन भरली. सत्तावीस भरली. तिथून पुढं ते मोठ्यानं मोजायचे थांबले. एकतिसावं माप काठोकाठ भरलं आणि खालच्या हंड्यात थेंब उरला नाही. पाणी घातलं असेल म्हणून त्यांनी कडकपणाही तपासला. चोख होता.

घाटातल्या हादऱ्यांनी काच बिघडते, असं म्हणत त्यांनी नळी पंच्यात गुंडाळली आणि इलाहीला हात जोडले. ठेकेदारानं पेढे वाटले. इलाहीनं एक तोंडात टाकला आणि भिजलेल्या मातीसारखा गिळला.

सगळे गेल्यावर तो चुलवणापाशी आला. आकाराम राख ओढत होता. इलाहीनं त्याला सगळं सांगितलं. जीभ कशी गेली ते, आकडा कुठून आला ते. आपल्यापायी त्याचा जीव सुळावर गेला होता, तेही.

"आज राखलंस तू मला, आकाराम. कुठनं आणलीस पाच ग्यालन?"

आकारामनं हनुवटीनं चिपाडाचा ढीग दाखवला. खाली रांजण पुरलाय, म्हणाला. जादा निघाली की त्यात जाती, कमी पडली की त्यातनं येती.

"पुरलास कवा?"

"जोतीरामदादाला जेल झाली तवा."

जोतीराम आकारामचा थोरला भाऊ. त्याच्या आधी भट्टीवर तोच होता. जेलातच पटकीनं गेला.

"त्यानं चोरी केलती," इलाही म्हणाला. "दोन ग्यालन कमी आलती."

"तुमच्या पैल्याच आकड्यापरीस."

आकारामनं राखेचं घमेलं उचललं, दारापर्यंत गेला आणि तिथं थांबला.

"दादाच्या मागं वीस वर्सं मीच मापतोय, चाचा. तुमचा आकडा एकदाबी खरा आल्याला न्हाय."