बंद इंजिनाचं माप

तेल मोजायची पट्टी बाहेर आली आणि कासीम मिस्त्रीचा हात तिथंच थांबला. तेल वरच्या खुणेपर्यंत पाहिजे होतं. पट्टीच्या पार टोकाला थोडा ओलावा होता, बस्स.

गाडी अकलूजच्या अण्णारावांची. जुनी, ऑटोमॅटिक, क्लच नसलेली. कशीबशी गॅरेजपर्यंत आली, आता गिअर टाकला तरी जागची हलत नाही, रेस दिली की नुसतं इंजिन ओरडतं, अशी तक्रार. बॅटरी मेल्यात जमा होती, म्हणून अण्णारावांनी आल्याआल्याच बजावलं होतं की इंजिन बंद करू नका, पुन्हा चालू व्हायचं नाही. त्यामुळे आयुष्यात पहिल्यांदाच कासीमनं चालू इंजिनावर गिअरबॉक्सचं तेल बघितलं होतं.

त्यानं सरळ इंजिन बंद केलं. अण्णारावांनी कपाळाला हात लावला. कासीमनं पट्टी पुसली, घातली, परत काढली. आता तेल बरोबर खुणेला टेकलेलं. म्हणजे गाडी बंद असली की तेल खाली जमतं आणि पट्टी भरलेली दिसते. इंजिन फिरायला लागलं की ते वर ओढलं जातं, तेव्हा खरं काय ते कळतं. इंजिनाचं तेल गाडी बंद करूनच बघतात. त्याच सवयीनं हा गडी पस्तीस वर्षं गिअरबॉक्सचंही तेल तसंच बघत आला होता. वर लोक याला उस्ताद म्हणत होते. आता काय बोलायचं!

त्यानं दोन लिटर तेल भरलं, दुसऱ्या बॅटरीला वायर जोडून गाडी चालू केली. गिअर टाकताच गाडी मुकाट निघाली. अण्णाराव खूश झाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं कौतुक करायला लागले. कासीमला मात्र वेगळंच आठवलं. गेल्या वर्षी अशीच एक गाडी त्यानं भंगारात घालवली होती.

ती सुंदरम्मा बाईंची. बाई मंद्रूपच्या शाळेत शिकवायच्या. लहानपणी पोलिओनं डावा पाय गेलेला, क्लच दाबता येत नाही, म्हणून त्यांच्या नवऱ्यानं, गुरुशांतनं, कुठून कुठून शोधून ही बिनक्लचची गाडी आणली होती. गुरुशांत वारले. बाई रोज सकाळी विजापूर रोडला कासीमच्या गॅरेजसमोरून एकट्या गाडी चालवत शाळेला जायच्या. त्या गाडीत बसल्या की त्यांना कुणाचा हात धरावा लागत नव्हता.

एक दिवस गिअर धरेना, म्हणून बाई गॅरेजात आल्या. कासीमनं गाडी बंद केली, पट्टी काढली. तेल भरलेलं. तेल असून गिअर धरत नाही, म्हणजे गिअरबॉक्स गेला, झालं. मग त्यानं टायमिंग बेल्टचं झाकण उघडलं. बेल्टला आडव्या चिरा पडलेल्या. धावत्या गाडीत तुटला असता तर इंजिनाची वाट लागली असती. बेल्टचं त्याचं म्हणणं अगदी खरं होतं. त्यामुळे गिअरबॉक्सचंही कुणाला खोटं वाटलं नाही.

चार गिऱ्हाईकं उभी होती. त्यांच्यादेखत त्यानं एका दमात सांगून टाकलं की बाई, दोन्ही गेलंय, हिच्यात आता जीव न्हाय, देऊन टाका. बाई जरा वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या. मग बरं म्हणाल्या.

गाडी गेली. एसटीची पायरी बाईंना चढवेना. रिक्षावाला कधी यायचा, कधी नाही. तीन महिने त्यांनी ओढाताण केली आणि निवृत्तीला आठ वर्षं बाकी असताना नोकरी सोडली.

कासीमनं हात धुतले आणि बायकोला, नूरबीला, फोन लावला. ती म्हणाली, गेलेली गाडी काही परत येत नाही, मग त्या बाईला आता कशाला दुखवायचं? गप बसा. तिचंही चुकत नव्हतं. पण त्याला राहवेना. दुपारीच तो बाईंच्या घरी गेला.

बाई दारात खुर्ची टाकून शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी बसा म्हटलं. तो बसला नाही.

“बाई, तुमचा गिअरबॉक्स चांगला होता,” तो म्हणाला. “नुसतं तेल कमी होतं. मी गाडी बंद करून मोजलं, म्हणून कळलं न्हाय. तेल भरून बेल्ट बदलला असता, तर आज बी तुमी शाळेत असता. माझ्यामुळं झालं हे सगळं.”

बाईंचे हात थांबले. त्या रागावतील, रडतील, निदान जा म्हणतील, असं त्याला वाटलं होतं. खरं तर तेच त्याला हवं होतं.

“एकट्याच्या जिवाला लावून घेऊ नका, मिस्त्री,” त्या म्हणाल्या. “आमचे हे गिअरबॉक्सचं तेल इंजिन चालू ठेवूनच बघायचे. मी शेजारी उभी असायचे की. तुम्ही गाडी बंद केलीत, तेव्हाच माझ्या ध्यानात आलं होतं.”

मग तवा तुमी बोलला का न्हाय, एवढंच कासीमनं विचारलं.

“चार माणसं होती. तुम्ही एवढे जाणते. तुम्हाला तिथं कसं टोकायचं, असं वाटलं.” बाईंनी मांडीवरची टरफलं झटकली. “बावीस वर्षं पोरांना सांगत आले, शंका आली की हात वर करा. माझाच हात वर गेला नाही.”